पाच सारखे वाटे, नवरी एकच

जुलैत पाय मुरगळून तीन आठवडे पलंगावर होते. तेव्हा 'गोतोबुन नो हानायोमे' या जपानी मांगाचे, म्हणजे चित्रकथेचे, चौदाही खंड पुन्हा वाचून काढले, असं मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. तीस वर्षं जपानी शिकवलं, या सदरात जपानी व्याकरणावर इतकं लिहिलं, पण त्यावर चार ओळींचं पत्र कुणी पाठवलं नाही. इथे मात्र कोल्हापूरच्या एका मुलानं फुलस्केपचे सहा कागद भरून भांडण पाठवलंय.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेगी हारुबा यांनी लिहिलेली-काढलेली ही मालिका 'वीकली शोनेन मॅगझिन' या कोदान्शा प्रकाशनाच्या साप्ताहिकात २०१७ ते २०२० या काळात आली. १२२ प्रकरणं. फुतारो उएसुगी हा कर्जात बुडालेल्या घरातला हुशार मुलगा. त्याला शिकवणी मिळते ती श्रीमंत नाकानोंच्या पाच एकसारख्या मुलींची: थोरलीपासून धाकटीपर्यंत इचिका, निनो, मिकु, योत्सुबा आणि इत्सुकी. पगार चालू दराच्या पाचपट, कारण विद्यार्थिनी पाच. सुरुवातीलाच त्याचं लग्न दिसतं आणि नवरी या पाचांपैकीच एक, एवढंच कळतं. कुठली, ते शेवटी. मी खाली शेवट फोडणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी सरळ पाककृतींच्या पानावर जावं.

'हारेम' म्हणजे जनानखानाच ना? माझी मुलगी बारावीत आहे. तिच्या कपाटात ही पुस्तकं सापडली. घरात ठेवू की रद्दीत घालू? (एक आई, ठाणे)

ताई, रद्दीत घालायची असतील तर आधी मला कळवा, माझा एक खंड हरवलाय.

शब्द तोच, जनानखान्याचाच. पण मांगावाल्यांच्या बोलीत त्याचा अर्थ इतकाच की नायक एक आणि त्याच्यात जीव अडकलेल्या मुली अनेक. प्रकार जुना आहे. याच साप्ताहिकात १९९८ ते २००१ 'लव्ह हिना' नावाची अशीच मालिका चालली होती, आणि गंमत म्हणजे तिचेही चौदाच खंड. साप्ताहिक मुलग्यांसाठीचं, त्यामुळे आंघोळीनंतरच्या टॉवेलचे आणि धडपडून अंगावर पडण्याचे प्रसंग यातही आहेत. ते नाहीत असं मी सांगणार नाही. ते मलाही कंटाळवाणे वाटतात, मी पान उलटते. पण पहिल्याच प्रकरणात नायकाची ओळख कशी करून दिलीय ते बघा. शाळेच्या कँटीनमध्ये तो मागतो, 'भाजलेल्या मांसाचं ताट, मांस वगळून.' हिशोब असा: नुसता भात २०० येन. ताट ४०० येन, त्यातलं मांस २०० येनचं. मांस काढलं की ताट २०० येनला पडतं, आणि ताटाबरोबरचं मिसो सूप आणि लोणचं फुकटात. आपल्याकडे एखाद्यानं राइस प्लेट मागवून भाजी परत करावी आणि आमटी-पापडावर भात ओढावा, तसं. हे वाचल्यावर हा मुलगा कुठल्या घरातून आलाय ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मुलीला विचारा, तुला कोण आवडते? ती जे नाव सांगेल त्यावरून तुम्हाला तिच्याबद्दल काहीतरी कळेल. रद्दीवाल्याला सहा रुपयांपलीकडे काही कळणार नाही.

पाचही जणी एकसारख्या, आणि केसांची ठेवण बदलली की सख्खा शिक्षक ओळखत नाही! ही शुद्ध थाप नाही का? (निवृत्त डॉक्टर, जळगाव)

डॉक्टरसाहेब, थाप म्हणायला तुम्हीच धजावत नाही आहात, म्हणून प्रश्नचिन्ह टाकलंत. एकाच बीजापासून पाच मुली जन्मल्याचं आणि जगल्याचं उदाहरण जगाला माहीत आहे. २८ मे १९३४, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या दिओन कुटुंबात: इव्होन, आनेत, सेसील, एमिली आणि मारी. सरकारनं त्यांना आईबापांपासून काढून वेगळ्या इमारतीत ठेवलं आणि लाखो माणसं त्यांना काचेआडून बघून गेली. बघायला लाखो, ओळखायला कोण?

आणि सख्ख्या शिक्षकानं न ओळखण्याबद्दल म्हणाल तर मी कबुलीजबाबच देते. माझ्या वर्गात एकदा जुळ्या बहिणी होत्या. दोन वर्षं मी एकीला दुसरीच्या नावानं हाक मारली आणि दोघीही निमूट 'हाय' म्हणायच्या. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'. त्यामुळे माझ्या अज्ञानाला रोज होकार मिळत गेला. एकीनं केस कापले तेव्हा मला हायसं वाटलं. पुढच्या आठवड्यात दुसरीनंही कापले.

शेवटी ओळखू आल्या त्या वहीतून. हिरागाना या जपानी लिपीत 'मे' आणि 'नु' ही दोन अक्षरं जवळपास सारखी. फरक इतकाच की 'नु'च्या शेवटच्या रेघेला खाली एक छोटी गाठ मारायची. मोठी बहीण ती गाठ मारायला विसरायची. त्यामुळे तिच्या लेखी कुत्रा, म्हणजे 'इनु', हा कायम 'इमे' असायचा. धाकटी गाठ मारायची, पण इतकी घट्ट की कागद फाटायचा. एकदा हे दिसल्यावर माझी कधी चूक झाली नाही. चेहरे बघून नाही, हात बघून. चालणं, मग हसणं, सगळं हळूहळू वेगळं होत गेलं, आणि सहा महिन्यांनी मला प्रश्न पडला की या दोघी सारख्या दिसतात असं मला वाटायचं तरी कसं?

या मांगाचा विषय मला विचाराल तर तेवढाच आहे. नाकानोंच्या घरात एक वाक्य पिढीजात चालत आलंय: प्रेम असेल तर ओळखता येतं. फुतारोला चौदा खंड लागले. मला दोन वर्षं लागली, आणि माझ्याकडे तर दोघीच होत्या.

मिकुवर अन्याय झाला आहे. सगळ्यात आधी ती त्याच्या प्रेमात पडली. त्याच्यासाठी पाव करायला शिकली. मग शेवटी योत्सुबा कुठून आली? लेखकानं आयत्या वेळी नवरी बदलली असं माझं ठाम मत आहे. (अकरावीचा विद्यार्थी, कोल्हापूर. पत्राची पानं सहा, इथे चार ओळी.)

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चौथ्या पानावर शाई पसरलीय, ती चहाची असावी असं मी समजते.

मिकुची बाजू मी तुझ्याहून आधी मांडते. हेडफोन गळ्यात, आवाज खाली, आणि डोक्यात सगळे जपानचे जुने सरदार. सुरुवातीच्या एका भेटीत ती त्याला माच्चा, म्हणजे हिरव्या चहाचा, सोडा देते आणि म्हणते, घाबरू नकोस, यात शेंबूड नाही. त्याला काही कळत नाही. ही इशिदा मित्सुनारी या सरदाराची गोष्ट. चहाच्या बैठकीत आजारी ओतानी योशित्सुगुचं नाक गळून पेल्यात पडलं, बाकीचे बिचकले, आणि मित्सुनारीनं तो चहा मुकाट पिऊन टाकला. फुतारोला हे माहीत नाही म्हटल्यावर ती पाठ फिरवते. आणि हा मुलगा काय करतो? वाचनालयातली त्या काळावरची पुस्तकं वाचून काढून पुन्हा तिच्यासमोर उभा राहतो. कुणी आपल्या आवडीसाठी एवढा अभ्यास केला तर त्या वयात कुणीही विरघळेल. माझ्यासाठी कुणी पाणिनी वाचला असता तर... असो.

पण 'आयत्या वेळी' हा आरोप मी मान्य करत नाही. पहिला खंड काढ. पहिल्या चाचणीचे गुण बघ: इचिका १२, निनो २०, मिकु ३२, योत्सुबा ८, इत्सुकी २८. पाचांची बेरीज बरोब्बर शंभर. पाच जणींनी मिळून एका हुशार मुलाइतके गुण मिळवलेत. शीर्षकाचा अर्थच 'पाच समान वाट्यांची नवरी'. आता या पाचांत पहिल्या दिवसापासून अभ्यासाला तयार कोण होती? आठ गुणवाली. बाकी चौघी दार लावून घेतात आणि ही ढ मुलगी पाटी घेऊन समोर बसते. का? तेव्हा आपण म्हणतो, स्वभावानं गोड आहे, बास. लेखकानं उत्तर तिथेच ठेवलंय आणि वर डोक्याएवढी हिरवी रिबन बांधलीय, तरी आपल्याला दिसत नाही.

प्राथमिक शाळेच्या सहलीत क्योतोला फुतारोला जी मुलगी भेटली, जिच्यासोबत त्यानं 'खूप अभ्यास करून घरच्यांचे कष्ट कमी करायचे' असं ठरवलं, ती योत्सुबा. त्यानं शब्द पाळला, तिला जमलं नाही. आधीच्या शाळेत ती खेळांच्या मागे लागली, नापास झाली, आणि तिच्यासाठी बाकी चौघींनी शाळा सोडली. एवढं ओझं डोक्यावर असलेली मुलगी 'तो मला हवाय' असं कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हणून ती सगळ्यांना मदत करत फिरते. घंटेखाली फुतारोचं चुंबन घेणारी, शेवटपर्यंत न ओळखलेली बहीणही तीच. आजोबांच्या गरम झऱ्याच्या गावी पाचही जणी इत्सुकीचा वेष घेऊन हिंडत असतात आणि नेमकं तेव्हाच ते घडतं. आपण पन्नासेक प्रकरणं मिकु की निनो, मिकु की निनो, असं कुजबुजत बसतो.

तरी तुला एक कबूल करते. लेखकानं तिचं मन फार उशिरा उघडलं. एक खंड आधी उघडलं असतं तर तुझी सहा पानं तीनच झाली असती.

इचिकाला लोक खलनायिका का म्हणतात? मला ती सगळ्यात खरी वाटली. (गृहिणी, नागपूर)

वहिनी, मलाही. मोठी बहीण, अभिनय करून घरभाडं उचलणारी, पसाऱ्याच्या खोलीत झोपणारी. हायस्कुलातल्या क्योतोच्या सहलीच्या सुमाराला ती मिकुचा वेष घेते आणि मिकु बनून फुतारोला सांगते की इचिकाला तू आवडतोस, तुमची जोडी छान आहे. बहिणीच्या तोंडानं बहिणीचा घास काढून घेतला. हे वाईटच, त्यात काथ्याकूट नको. पुढे ती लहानपणीच्या क्योतोच्या आठवणीवरही हक्क सांगते आणि तो तिच्यावर विश्वास ठेवायला नकार देतो.

आणि इथे लेखकाचा हात मला फार आवडला. लहानपणीच्या त्या क्योतोच्या रात्री सरायीत फुतारोबरोबर पत्ते खेळली होती ती खरोखरच इचिका होती! दिवसभर योत्सुबा, संध्याकाळी इचिका, आणि त्या लहान मुलाला बदल कळलाच नाही. म्हणजे तिचं खोटं अर्धं खरं होतं. घरात चार जणींसाठी आपल्या वाट्याचं सोडत आलेल्या थोरलीनं एकदा हात पुढे केला आणि तेवढ्यात तिचा बोभाटा झाला. ज्यांच्या घरात थोरली बहीण आहे त्यांना हे लगेच कळेल. मी स्वतः शेंडेफळ, मला पन्नाशीनंतर कळलं.

निनोनं सुरुवातीला त्याच्या पाण्यात झोपेचं औषध घातलं! तरी सगळे तिच्यावर फिदा. मुलानं असं केलं असतं तर? (वाचक, म्हापसा)

तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि मला उत्तर देताना अवघडायला होतंय, कारण मी निनोची आहे. पाण्यात औषध घालून त्याला टॅक्सीत घालून घरी पाठवणं हे विनोदात खपवलंय. खपायला नको होतं. मुलानं केलं असतं तर मी पुस्तक तिथेच मिटलं असतं.

आता माझ्या पक्षपाताचं कारण सांगते, आणि ते भाषेतलं आहे. पाच बहिणी नायकाला कशा हाक मारतात ते बघा. इत्सुकी 'उएसुगी-कुन' म्हणते: आडनाव, वर्गमित्राला साजेसं. योत्सुबा 'उएसुगी-सान': आडनाव आणि वर आदर, जवळजवळ 'उएसुगी सर'. इचिका 'फुतारो-कुन'. मिकु नुसतं 'फुतारो'. आणि निनो? आधी 'आन्ता', म्हणजे आपल्याकडे नाक उडवून 'ए, तू' म्हणतात तसं. मग एक दिवस एकदम 'फू-कुन'. 'ए, तू'वरून थेट घरच्या लाडाच्या नावावर, मध्ये एकही पायरी नाही. केकच्या दुकानाच्या मोटरसायकलवर त्याच्या मागे बसून ती सांगून टाकते, तू मला आवडतोस. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही असं वाटतं, तर उतरल्यावर पुन्हा सांगते. हारेम कथेत नायकाला ऐकू न जाणं हा कायमचा रोग. निनोनं त्याचा तिथल्या तिथे इलाज केला. पन्नास वर्षांपूर्वी मला तेवढं धाडस असतं तर आज हे सदर दुसरं कुणी लिहीत असतं.

नावांत आकडे आहेत म्हणतात, खरं का? (आठवीतली वाचक, सातारा)

खरं, आणि छान विचारलंस. जपानीत मोजायच्या दोन रीती. एक चीनकडून आलेली: इची, नी, सान, शी, गो. दुसरी मूळ जपानी: हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु, योत्त्सु, इत्सुत्सु. आता थोरल्या दोघी, इचिका आणि निनो, पहिल्या मोजणीतल्या. धाकट्या तिघी, मिकु, योत्सुबा आणि इत्सुकी, दुसऱ्या. योत्सुबा म्हणजे चार पानं, नशिबाचं चौपानी गवत. इत्सुकीचं नाव 'पाच' आणि 'महिना' अशा दोन चित्राक्षरांनी लिहितात, म्हणजे मे महिना. पाचहीजणींचा वाढदिवस ५ मे. आणि 'फुतारो'मधलं 'फुता' ऐकून तुला दोन वाटेल, पण नाही. ते 'फू', म्हणजे वारा. माझ्या एका विद्यार्थ्यानं तोंडी परीक्षेत ठामपणे दोन सांगितलं होतं. मी अर्धा गुण कापला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फुतारोत असं काय आहे? मला तर तो लाकडाचा ओंडका वाटला. आणि इत्सुकीचं काम काय? खायचं? (आयटीतला वाचक, बेंगळुरू)

इत्सुकी खाते, आणि आईसारखी शिक्षिका व्हायला बघते. दोन्ही कामं मला पूर्ण मान्य आहेत. प्रेमकथेत तिची जागा अर्धवट राहिली हे खरं.

फुतारो ओंडकाच आहे. मार्क मिळवणं सोडून त्याला काही येत नसतं. पण शिक्षक म्हणून मी त्याच्याकडे बघते तेव्हा मला दिसतं की त्या शंभर गुणांत पाचही जणींची बरोबर आलेली उत्तरं वेगवेगळी आहेत, हे त्याच्या लक्षात येतं. बेरीज बघून रडणारे शिक्षक खूप, मीही रडलेय. कुणाला काय येतं ते वेगळं काढून बघणारा तो सतरा वर्षांचा मुलगा. शेवटी लग्नात पाचही जणी नवरीच्या वेषात समोर उभ्या राहतात आणि तो एकेकीला ओळखून, प्रत्येकीला तिच्यापुरतं काहीतरी बोलतो. आपल्याकडे नवऱ्याला एक नाव घ्यायला लावतात तर तो अर्धा तास लाजतो. याला पाच घ्यावी लागली.

पुस्तक उलटं बांधलेलं आलं. पहिल्या पानावर शेवट! दुकानदार बदलून देत नाही. (ज्येष्ठ नागरिक, चिंचवड)

आजोबा, दुकानदार बरोबर आहे. जपानी पुस्तक उजवीकडून उघडायचं, चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या. तुम्ही मागून वाचायला सुरुवात केली असेल तर नवरी कोण ते एव्हाना तुम्हाला कळलं असेल. नातीला सांगू नका.

जागा संपली. जाता जाता: माझा अकरावा खंड कुणीतरी वाचायला नेलाय. नाव सांगायला लाज वाटत असेल तर सांगू नका, वर्गाच्या दारात ठेवून जा. सोबत दोन ओळींची चिठ्ठी मात्र हिरागानात लिहा, आणि तिच्यात 'इनु' हा शब्द येऊ द्या. कोण ते मी बघते.